पोटाचा पट्टा, सात महिन्यांनी : कातडं तिथेच, वेल्क्रो मात्र गेलं

पंधरा महिन्यांत १०८ वरून ७७ किलोवर आलो. लोक कौतुक करतात, पण सदऱ्याच्या आत काय लोंबतंय ते मला आणि हिलाच माहीत. मोठ्या उशीची खोळ छोट्या उशीला घातल्यासारखं पोट. म्हणून १,६५० रुपयांचा रुंद पट्टा मागवला, बायका सिझेरियननंतर लावतात तसला. मापं-बिपं साइटवर आहेतच.

मला बोलायचंय ते वेल्क्रोबद्दल.

चौथ्या महिन्यात ते धरेना. भाच्याच्या मुंजीत मंगलाष्टकं चालू होती. दोन कडव्यांच्या मधल्या शांततेत मी अक्षता टाकायला हात उचलला आणि चर्रर्र! पुढच्या रांगेतल्या काकू वळल्या. त्यांना वाटलं, माझी विजार फाटली.

कंपनी म्हणते, वॉरंटी सहा महिन्यांची आहे, पण वेल्क्रो त्यात येत नाही. अहो, मग पट्ट्यात दुसरं आहे काय? तीन मेल, दोन फोटो पाठवल्यावर उत्तर आलं, 'नवा घ्या, दहा टक्के सूट.' म्हणजे पुन्हा १,४८५!

शेवटी आमच्या इंदूरच्या शीतलामाता बाजारातल्या एका टेलरकडे गेलो. 'भिया, पाँच मिनट का काम है.' जुनं उसवून नवं रुंद वेल्क्रो लावलं, ऐंशी रुपये. आता सोडवताना मलाच जोर लावावा लागतो.

पट्ट्याबद्दलचं मत मात्र दोनदा बदललं. आधी वाटलं, कातडं आवळतंय. पण काढला की तासाभरात जैसे थे. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, वर्षानुवर्षं ताणून कातडं घट्ट धरणारे कोलॅजन-इलॅस्टिनचे धागे तुटले की पट्टा काय नि क्रीम काय, ते पुन्हा विणत नाहीत. (क्रीमवर ८९९ आधीच घातलेत, तो विषय नको.) थोडंफार आपोआप आवळतं, पण तरुणांचं जास्त, आणि मी ४८ चा. व्यायामाने स्नायू भरले की जरा भरीव दिसतं, इतकंच. जास्तीचं कातडं शस्त्रक्रियेनंच जातं, आणि त्याआधी सर्जनला वजन निदान सहा महिने स्थिर लागतं.

हे ऐकून पट्टा माळ्यावर टाकला. मग मे महिन्यात पट्ट्याविना पिपल्यापाला तलावावर चार दिवस फिरलो. पोटाखालच्या घडीत घाम साचला, कातडं कातड्याला घासलं, लाल चट्टे, आग आग. पट्टा माळ्यावरून खाली काढून परत लावला. आता आत पातळ सुती बनियन घालतो, अंघोळीनंतर घडी उचलून नीट कोरडी करतो. त्यानंतर चट्टे नाहीत, आणि चालताना पोट हिंदकळत नाही. एवढ्यासाठी तो चांगलाच आहे, हे मान्य.

तीन तारे. कापलेले दोन्ही वेल्क्रोचे. घेतलाच तर धुताना वेल्क्रो मिटवून धुवा आणि त्यात अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढा. कंपनीच्या कागदावर हे कुठेच नाही, मला टेलरने सांगितलं, तेही ऐंशी रुपये खिशात टाकल्यावर.