ज्या नंबरवर ओटीपी येतो, तो नंबरच मी माझ्या हाताने देऊन बसलो

१० ते १२ ऑक्टोबर २०२५ या तीन दिवसांत माझ्या भारतातील एनआरई (परदेशस्थ भारतीयांसाठीच्या) खात्यातून ६,५३,५०० रुपये गेले. त्यांपैकी पाच लाख ही मुदत ठेव होती. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी सहा महिने दरमहा ९५० युरो बाजूला काढून मी ती केली होती. मी जर्मनीत स्टुटगार्टला राहतो, संगणकाच्याच क्षेत्रात काम करतो, आणि ओटीपी कोणालाही सांगू नये हे घरातल्या प्रत्येकाला सांगणारा माणूस मीच आहे. हे पैसे सहा व्यवहारांत गेले, आणि त्यांपैकी एकाचाही ओटीपी मी कोणालाही सांगितलेला नाही. तो माझ्या फोनवर आलाच नव्हता.

परदेशात राहणाऱ्या बहुतेकांची अडचण माझ्यासारखीच असते. बँकेचे प्रत्येक काम भारतातल्या मोबाइल नंबरवर अडते. परदेशी नंबरवर यूपीआय वापरण्याची सोय जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली तेव्हा दहा देशांची यादी आली. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, अमिराती वगैरे होते, जर्मनी नव्हता. नोंदणीकृत नंबर बदलून जर्मन नंबर लावावा तर माझ्या शाखेने प्रत्यक्ष येऊन अर्ज द्यायला सांगितले. म्हणून भारतातले प्रीपेड सिम फोनच्या दुसऱ्या खणात ठेवायचे, रोमिंगवर येणारे एसएमएस फुकट असतात म्हणून त्यावर ओटीपी घ्यायचे, आणि ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो या धास्तीने मावसभावाकडून वेळोवेळी रिचार्ज करून घ्यायचे, हा आमचा चार वर्षांचा शिरस्ता होता. माझी ही धास्ती फसवणाऱ्याला नेमकी ठाऊक होती, आणि त्याने बोट तिथेच ठेवले.

शुक्रवारी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे भारतातल्या दुपारी २ वाजून १० मिनिटांनी, माझ्या भारतीय नंबरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला. चित्राच्या जागी मोबाइल कंपनीचे बोधचिन्ह होते. माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. "सर, तुमचा नंबर बरेच दिवस भारताबाहेर आहे, नुसत्या इनकमिंगवर चालू आहे, म्हणून तो बंद करायच्या यादीत आलाय. तुम्हाला आमच्या दुकानात, गॅलरीत यायला सांगून उपयोग नाही, म्हणून ई-सिम करून देतो," असे तो म्हणाला. ई-सिम म्हणजे फोनमध्येच डिजिटल स्वरूपात बसणारे सिम; ते चालू झाले की जुने सिम बंद पडते. माझे शेवटचे रिचार्ज १८ सप्टेंबरला झाले होते. त्याने ती तारीख सांगितली, रक्कमही सांगितली. ही माहिती त्याच्याकडे कशी गेली याचे उत्तर कंपनीने आजतागायत दिलेले नाही. मी भोळेपणाने फसलो असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की माझ्याखेरीज ही तारीख फक्त मावसभावाला आणि कंपनीला माहीत होती.

त्याने आधी रोमिंग पडताळणीचे म्हणून १० रुपये भरायला लावले. मी डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले, ओटीपी माझ्याच फोनवर आला, मीच टाकला, आणि खरोखर दहाच रुपये गेले. त्यामुळे माझा विश्वास आणखी पक्का झाला. कार्डाची माहिती मिळवण्यासाठीच ते दहा रुपये होते, हे मला दोन दिवसांनी कळले.

त्यानंतरचा क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. कंपनीच्या तीन आकडी क्रमांकावर एसएमएस पाठवायचा होता आणि त्यात ईमेलचा पत्ता लिहायचा होता, कारण ई-सिमचा क्यूआर कोड नोंदवलेल्या ईमेलवर येतो. मी माझा पत्ता लिहायला लागलो, तर तो म्हणाला, "नाही सर, बाहेरच्या देशातल्या मेलवर कोड उघडत नाही, आमच्या एनआरआय विभागाचा मेल टाका, तिथून आम्ही तुमच्या फोनला जोडून देतो." त्याने पत्ता अक्षर-अक्षर सांगितला. कंपनीचे नाव, पुढे एनआरआय, पुढे केअर, आणि शेवटी जीमेल डॉट कॉम. मी ऑफिसच्या स्वयंपाकघरात कॉफी यंत्राजवळ उभा होतो, ११ ची बैठक सुरू व्हायला काही मिनिटे होती, आणि 'जीमेल' टाइप करताना माझा अंगठा थांबला होता. एवढी मोठी कंपनी स्वतःच्या विभागासाठी जीमेल कशाला वापरेल, हा प्रश्न मनात पूर्ण वाक्यात उमटला होता. मी तो त्याला विचारलासुद्धा. तो म्हणाला, कंपनीचा सर्व्हर भारताबाहेरून चालत नाही. या उत्तरात काडीचाही अर्थ नाही. मी रोज सर्व्हरचेच काम करतो, आणि तरीही मी 'बरं' म्हणालो. लगेच कंपनीचा खरा एसएमएस आला, की ई-सिमची विनंती मिळाली आहे, संमती असल्यास १ लिहून पाठवा, विनंती तुमची नसल्यास लगेच कळवा. मी १ पाठवला.

पाच-सात मिनिटांत दुसऱ्या सिमची रेंज गेली. फोनच्या कोपऱ्यात जर्मन कंपनीच्या चार कांड्या होत्या आणि त्याखाली भारतीय सिमच्या जागी 'सेवा नाही' एवढेच शब्द होते. तो माणूस म्हणाला होता, की २४ तास रेंज येणार नाही, घाबरू नका. सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवतात. मूळ मालकाला जाग यावी आणि त्याने कंपनीला कळवावे, यासाठीच तो अवधी असतो. ते २४ तास मला मिळाले होते आणि मी ते वाट पाहण्यात घालवले. संध्याकाळी बायकोने माझा फोन हातात घेऊन विचारले, "तुझ्या इंडियाच्या सिमला रेंज का नाही?" मी म्हटले, "रोमिंग आहे, होतं असं. उद्या येईल." तिने पुन्हा विचारले तेव्हा मी चिडलो. या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: परदेशात भारतीय सिमची रेंज गेली आणि फोन बंद-चालू करूनही अर्ध्या तासात आली नाही, तर आधी बँकेला खाते गोठवायला सांगा आणि कारण नंतर शोधा.

शनिवारी भारतीय वेळेनुसार दुपारी पावणेतीनच्या सुमारास त्या नंबरवर एसएमएस सुरू झाले, अर्थात चोराच्या फोनवर. २ वाजून ५२ मिनिटांनी यूपीआयने ५,००० रुपये गेले. नव्या फोनवर पहिल्या दिवशी तेवढीच मर्यादा असते. मग कार्डावरून ४९,५०० रुपये तीन वेळा, म्हणजे १,४८,५०० रुपये. मग ग्राहक क्रमांक एसएमएसने मागवून आणि कार्डाची माहिती वापरून नेट बँकिंगचा पासवर्ड बदलला गेला, आणि ३ वाजून ४१ मिनिटांनी पाच लाखांची ठेव मोडली गेली. एनआरई ठेव एक वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही, त्यामुळे पूर्ण पाच लाखच खात्यावर आले. दोन नवे लाभार्थी, म्हणजे पैसे पाठवायची खाती, जोडले गेले, नव्या लाभार्थ्याला पैसे पाठवण्याआधीची माझ्या बँकेची चार तासांची मुदत चोरांनी शांतपणे थांबून काढली, आणि ८ वाजून ५ मिनिटांनी आणि ८ वाजून ९ मिनिटांनी प्रत्येकी २,५०,००० रुपये बाहेर पडले. खात्यात ३,१८७ रुपये उरले.

बँकेने या प्रत्येक व्यवहाराचा ईमेल पाठवला होता, हे मला कबूल करावेच लागेल. ते ईमेल जाहिरातींच्या कप्प्यात पडले होते आणि त्या वेळी मी मुलीबरोबर दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमीला बसलो होतो. बँकेच्या ईमेलसाठी वेगळा आवाज लावून ठेवा. मी आता लावला आहे.

रविवारी सकाळी मावसभावाला दिवाळीचे पैसे पाठवावेत म्हणून बँकेचे अ‍ॅप उघडले, तर तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला आहे, असा संदेश आला. तिथून पुढचे जे झाले त्याचा राग मला चोरापेक्षा कमी नाही.

बँकेच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर यंत्राने नोंदणीकृत नंबरवरून फोन करा असे सांगितले. तोच नंबर चोरीला गेला आहे, हे सांगण्यासाठी पर्यायच नव्हता. ४७ मिनिटांनी माणूस मिळाला, त्याने ओळख पटवण्यासाठी ओटीपी पाठवतो म्हणून सांगितले, आणि तो ओटीपीसुद्धा चोराच्याच फोनवर गेला. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करायची तर लॉगिनसाठी भारतीय नंबर आणि ओटीपी. मोबाइल कंपनीने सांगितले की सिम बंद करायचे तर मालकाने आधार घेऊन गॅलरीत यावे. शेवटी गावी असलेल्या मावसभावाने दुपारी २ वाजून २० मिनिटांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि त्यामुळेच एका खात्यातले ६१,४०० रुपये गोठले. हे काम भारतातला माणूसच तातडीने करू शकतो, म्हणून तुमचा खाते क्रमांक, शाखा आणि मोबाइल कंपनी कोणती हे घरच्या एका विश्वासू माणसाकडे आजच लिहून ठेवा. पासवर्ड देऊ नका.

रविवार होता, म्हणून शाखा थेट सोमवारी उघडली. मावसभाऊ दारात उभा होता. त्याला उत्तर मिळाले, की खातेदार तुम्ही नाही. पोलीस ठाण्यात तो तीन वेळा गेला. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर होते, दुसऱ्यांदा बँकेचा शिक्का मारलेला खातेउतारा हवा होता, तिसऱ्यांदा खातेदार स्वतः आल्याशिवाय गुन्हा नोंदवणार नाही असे सांगून त्याला फक्त अर्जाची पोहोच दिली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती देता येते, हे मी लिहून पाठवले. पण तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते, आणि स्टुटगार्टहून ती सही कशी करायची हे कोणी सांगेना. एखादा माणूस परदेशात आहे म्हणून त्याची चोरी कमी प्रतीची ठरते का? आमची ठेव घेताना हीच बँक आमच्यासाठी वेगळा अधिकारी नेमते, तो दिवाळीला शुभेच्छांचा फोन करतो, आणि पैसे गेल्यावर तोच अधिकारी 'तुम्ही तिकिटाची (तक्रार क्रमांकाची) चौकशी करा' एवढेच सांगतो.

बँकेचे लेखी उत्तर असे आले, की ओटीपी नोंदणीकृत क्रमांकावर गेला असल्याने व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाले आहेत. रिझर्व्ह बँकेचे तेव्हा लागू असलेले ६ जुलै २०१७ चे परिपत्रक असे सांगत होते, की चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर तोशीस पडू नये. मला कळले त्याच दिवशी मी कळवले. कार्डाची माहिती मी भरली, ही माझी चूक आहे. पण चार वर्षांत एकदाही ठेव न मोडणाऱ्या खातेदाराची अचानक मोडलेली ठेव, एका दिवसात जोडलेले दोन अनोळखी लाभार्थी आणि आदल्या दिवशी बदललेले सिम, या तीन गोष्टी एकत्र दिसूनही कोणाला संशय येऊ नये, यात बँकेची काहीच चूक नाही का? ठेव ऑनलाइन मोडता येणार नाही, अशी सोय मागितली तर काही बँका करून देतात. मी ती मागितली नव्हती. कार्डाची ऑनलाइन मर्यादा शून्यावर आणून ठेवा, लागेल तेव्हा अ‍ॅपमधून वाढवता येते. यूपीआय ज्या खात्याला जोडाल त्यात दहा-वीस हजारांपेक्षा जास्त ठेवू नका.

डिसेंबरमध्ये मी गेलो. तिकिटाचे ७८४ युरो आणि आठ दिवसांची रजा खर्ची पडली. ९ डिसेंबरला गुन्हा नोंदवला गेला. गोठलेले ६१,४०० रुपये न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळणार नाहीत, त्यासाठी वकील केला आहे. बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली पाच कोटींपर्यंतची भरपाई राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे मागता येते, आणि त्यात बँकेबरोबर मोबाइल कंपनीलाही प्रतिवादी करता येते, हे वकिलाने सांगितले. हे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. बँकेने एका पत्रात नकार दिला म्हणून गप्प बसू नका, आणि प्रत्येक फोनची वेळ व तक्रार क्रमांक वहीत टिपून ठेवा.

नंबर परत घेण्यासाठी गॅलरीत गेलो. समोरच्या मुलाने आधार मागितले, ते घेतल्यावर अंगठ्याचा ठसा घेतला, तो जुळेना म्हणून बोट पुसायला लावून पुन्हा घेतला, मग भिंतीसमोर उभे करून फोटो काढला, पापण्या मिटायला आणि उघडायला लावल्या, आणि पत्ता जुळत नाही म्हणून पासपोर्टही मागितला. सगळ्याला चाळीस मिनिटे लागली. मी विचारले, इतके कशासाठी? तो म्हणाला, "नियम आहे काका, नाहीतर कोणीही येऊन दुसऱ्याचा नंबर घेऊन जाईल." ऑक्टोबरमध्ये हाच नंबर त्याच्या कंपनीने कोणाचाही चेहरा न पाहता, एका जीमेलच्या पत्त्यावर पाठवून दिला होता. आईची शस्त्रक्रिया जानेवारीत ठरली होती. ती पुढे ढकलली आहे.