पानवलचा पूल माडीवर: आठ महिने आणि एक अख्खा पावसाळा

आधीच सांगून टाकतो, माझ्या मॉडेल रेल्वेवरचा हा दुसरा पूल. पहिला गेल्या वर्षीच्या जुलैत वारला. त्याच्यावरून कधी जड काही गेलं नव्हतं. माझी सगळ्यात मोठी गाडी म्हणजे इंजिन आणि पाच डबे, वजनकाट्यावर दीड किलोलाही थोडी कमीच भरते. तो पूल हवा खाऊन मेला. रत्नागिरीची पावसाळ्यातली हवा.

लेआउट, म्हणजे रूळ आणि देखावा मांडलेलं टेबल, आमच्या जुन्या घराच्या माडीवर आहे. वर कौलं, एका बाजूला समुद्राकडची खिडकी. प्रमाण 1:87, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, मॉडेलवाल्यांच्या भाषेत एचओ. मोठा पूल करायचा म्हटल्यावर रत्नागिरीकराच्या डोळ्यासमोर दुसरा कुठला येणार? कोकण रेल्वेने रत्नागिरी सोडून निवसर स्टेशनकडे निघालं की लागणारा पानवलचा. 424 मीटर लांब, 64 मीटर उंच. गंमत म्हणजे गाडीत बसून तो दिसतच नाही. खिडकीखालची जमीन एकदम नाहीशी होते, खाली झाडांचे शेंडे दिसतात, आणि कळेपर्यंत पलीकडचा डोंगर आलेला असतो. पूल बघायचा तर गाडीतून उतरायला हवं. लेआउटवर तीच सोय असते.

87 ने भागलं तर 4 मीटर 87 सेंटिमीटर लांबी आणि 74 सेंटिमीटर उंची येते. आमची भिंत संपते. मग काहीतरी कापायला हवं. बरेच जण सगळा पूलच सारख्या प्रमाणात बारका करतात आणि तो खेळण्यातला दिसतो. मी गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, तसाच ठेवला. पानवलचे मधले गाळे 40 मीटरचे आहेत, म्हणजे आपल्याकडे 46 सेंटिमीटर. तसे चारच घेतले. पूल झाला 184 सेंटिमीटरचा, उंची 42. गुडघ्यावर बसून बघितलं तर चार गाळे पुरतात, कारण डोळा गाळे मोजत नाही, खांबांमधली पोकळी बघतो.

उंचीबद्दल एक गोष्ट नव्याने करणाऱ्यांनी वाचावीच. रूळ वर चढवून पूल करायला जाऊ नका. मी पहिला हिशोब तसाच मांडला होता. मॉडेलला 50 ला 1 हा चढ बऱ्यापैकी कडक समजतात, आणि त्या चढाने 42 सेंटिमीटर चढायला 21 मीटर लागतात. उतरायला आणखी 21. खऱ्या कोकण रेल्वेचा कमाल चढ तर 150 ला 1 ठेवलेला आहे. म्हणून तर तिथे 91 बोगदे आणि दोन हजारांच्या घरात पूल आहेत. डोंगरावर चढायचं नाही, आरपार जायचं, आणि दरी आली की पूल. मीही तेच केलं. रूळ आहेत त्याच उंचीवर ठेवले आणि खालचं टेबल करवतीने कापलं. सहा फुटांचा तुकडा काढला, खाली नव्याने प्लायचा तळ ठोकला, ती झाली दरी. चालू लेआउटमध्ये करवत घालताना पोटात गोळा येतो, पण काम एका दुपारचं.

आता पहिल्या पुलाचं. लग्नाच्या मंडपाचे देखावे कापून देणाऱ्या एका दुकानातून 6 मिलिमीटर एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) भाग लेझरवर कापून घेतले होते. दिसायला देखणा. सुताराने बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "दादा, हा पुठ्ठाच की. पावसात पाणी पिणार." मी तीन हात रंग मारला आणि निर्धास्त झालो. जूनअखेर गाडी तुटायला लागली. दर वेळी त्याच जागी, दुसऱ्या खांबाच्या पुढे, चौथा डबा मागे राहायचा. आठ दिवस मी कपलिंगलाच, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यांनाच, दोष देत होतो. शेवटी मुलाची गोटी घेतली आणि दोन रुळांमध्ये सोडली. गोटी सावकाश निघाली, गाळ्याच्या मध्यावर जाऊन थांबली, थोडी मागे आली आणि तिथेच बसली. पट्टी लावून मोजलं तर चार मिलिमीटरची झोळी. एका डब्याचं नाक वर, दुसऱ्याचं खाली, कपलिंग एकमेकांतून निसटणारच. कठडा काढून बघितला तर जिथे रंग पोचला नव्हता तिथली कड चहात बुडवलेल्या बटरासारखी फुलली होती.

सध्याचा पूल फेब्रुवारीत बसवला. त्याच्या पोटात लाकूड नाही. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमचा दीड बाय एक इंची चौकोनी पाइप आणला, 184 सेंटिमीटर, एकसंध. एकसंध हे मुद्दाम. पानवलचा गर्डरही, म्हणजे रूळ पेलणारी आडवी तुळई, खांबाखांबावर तोडलेला नाही, सलग आहे. एका टोकाला काँक्रीटचा तुकडा ओतायचा, पुढे ढकलायचा, मागे दुसरा ओतायचा, असं करत तो दरीवरून सरकवत नेला. मी पाइप तसाच एका बाजूने सरकवला. गरज काही नव्हती, हौस. मुलगा दुसऱ्या टोकाला हात पुढे करून उभा होता.

पाइपाला बाहेरून 3 मिलिमीटर सनबोर्ड (हलकी फोमची शीट) लावला, काँक्रीटसारखा करडा रंग. आठ महिन्यांत गर्डर कुठेही वाकलेला नाही, खांब हलला नसेल तर गोटी आता सोडू तिथे राहते. इथे पैकीच्या पैकी.

पण अ‍ॅल्युमिनियमची दोन दुखणी आहेत. पहिलं आवाज. पहिली गाडी गेली तेव्हा खालून आई ओरडली, "वर कोण पत्रा ओढतंय?" पोकळ पाइप म्हणजे ढोलच. पाइपात थर्माकोलच्या पट्ट्या कोंबल्या आणि रुळाखाली फाटलेल्या योगा मॅटची पट्टी घातली. आवाज निम्म्याहून खाली आला, पुरता गेला नाही. आता तो मला आवडतो. खऱ्या पुलावरही गाडीचा सूर बदलतोच. दुसरं, धातूतून वीज जाते. दोन्ही रुळांचे खिळे पाइपाला टेकले की शॉर्ट. म्हणून पुलावर एकही खिळा नाही, रूळ मॅटवर चिकटवलेत.

खांब पीव्हीसीचे, 50 मिलिमीटर. या आख्ख्या कामात मी एकच हुशारीची गोष्ट केली असेन तर ती खांबांच्या पोटात आहे. प्रत्येक खांबातून 8 मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड तळातून वर येतो आणि गर्डर त्याच्या नटावर बसतो. त्या रॉडच्या आट्यांचं अंतर सव्वा मिलिमीटर. म्हणजे नट अर्धा फिरवला की पूल तिथे साधारण 0.6 मिलिमीटर वर किंवा खाली. यंदा जुलैत तळाच्या प्लायचा सांधा फुगला आणि नेमका त्यावर उभा असलेला तिसरा खांब वर उचलला गेला. गेल्या वर्षीचा मी असतो तर पूल उखडला असता. या वेळी पाना घेतला, अर्धा फेरा, संपलं.

उन्हाने रूळ वाढतील ही भीती मात्र फुकटची निघाली. या लांबीचा रूळ 15 अंशांनी तापला तरी अर्धा मिलिमीटर वाढत नाही, अ‍ॅल्युमिनियम त्याहून जरासं जास्त. एक टोक स्क्रूने पक्कं केलंय, दुसरं नुसतं टेकवलंय, सरकायला मोकळं.

त्या मोकळ्या टोकानेच आठ महिन्यांतला एकमेव मोठा अपघात दिला. एप्रिलमध्ये तिथला सांधा केसभर खाली बसला, इंजिनाचं पुढचं चाक उतरलं, आणि इंजिन कठड्यावरून थेट दरीत. 42 सेंटिमीटर. पायरी तुटली, एक दिवा गेला, माझा अर्धा दिवस गेला. मग खऱ्या पुलाकडून शिकलो. मोठ्या पुलांवर चालत्या रुळांच्या आत आणखी दोन रूळ असतात, गार्ड रेल. चाक उतरलंच तर ते बाहेर जाऊ नये, रुळाला धरून राहावं, यासाठी. मी ते शोभेचे समजून गाळले होते. आता प्लॅस्टिकच्या पट्ट्या गंजाच्या रंगात रंगवून लावल्यात. त्यानंतर चाक दोनदा उतरलं, गाडी पडली नाही.

पुलाच्या तोंडाशी वळण आणू नका, हेही त्याच आठवड्यातलं. एलएचबी डबा (हल्लीच्या गाड्यांचा नवा, लांब डबा) आपल्या प्रमाणात 27 सेंटिमीटर लांब. माझं वळण पुलाच्या 10 सेंटिमीटर आधी संपत होतं, म्हणजे डब्याचं पुढचं तोंड पुलावर आणि मागचं अजून वळणात. कोपरा कठड्याला घासून दोन डब्यांचा रंग गेला. निदान एका डब्याइतका सरळ रूळ आधी हवा.

खडीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यांनी सांगितलं, विकतची कशाला, मांडवीच्या किनाऱ्यावर वाळू फुकट आहे. खारी वाळू ओल ओढते हे एक. शिवाय आमची वाळू काळी, लोहखनिजाची. स्पीकरमधलं जुनं चुंबक कागदात गुंडाळून मूठभर वाळूवर धरलं तर कागदाला मिशा फुटल्या. इंजिनाच्या मोटरमध्येही चुंबकच असतं. ती वाळू रुळाखाली घालणं म्हणजे मोटरला विषप्रयोग. रुळाखाली विकतचीच खडी घातली. दरीच्या उतारांना मात्र जांभ्याचा चुरा वापरलाय, भरपूर गोंदात बसवून, आणि त्या लाल रंगाची बरोबरी कुठल्याच डबीतल्या रंगाला येत नाही. हिरवाईसाठी केलेला रंगीत लाकडाचा भुसा ऑगस्टमध्ये पांढऱ्या बुरशीने भरला. त्या जागी आता जुन्या गादीचा फोम दळून, रंगवून लावलाय. मिक्सरच्या भांड्याबद्दल घरात अजून बोलणं होतं.

विजेचं थोडक्यात. रूळ निकेल सिल्व्हरचे आहेत तरी खाऱ्या हवेत आठ दिवसांत काळपटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवावाच लागतो. सांध्यांवर भरवसा नाही, प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर सोल्डर केली आहे. स्क्रू स्टेनलेसचे घ्या. मी चार साधे वापरले, आता त्यांच्या खालून करड्या गर्डरवर तांबडे ओघळ आलेत. खरं सांगायचं तर छान दिसतात.

आणि पाइपाचं उघडं टोक बुचाने बंद करा. मी केलं नव्हतं. सप्टेंबरात कुंभारीण माशीने आत मातीची तीन घरं बांधली. पिल्लं उडेपर्यंत तिथे हात लावायचा नाही असा मुलाचा हुकूम झाला.

गणपतीत मुंबईची मंडळी आली तेव्हा पाच दिवस गाडी सकाळपासून रात्रीपर्यंत चालली. पुलाने कुरकुर केली नाही, इंजिन तापलं. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेग कमी करते, तसं आमचंही पावसाळी वेळापत्रक आहे हे मुलांना पटवता पटवता माझाच घसा बसला.

राहिलेली खंत दोन. पूल सुटा करता येत नाही. मधला नट निसटला तर टेबलाखाली उताणं पडून हात घालावा लागतो. आणि खऱ्या पुलावर आता विजेचे खांब आलेत, माझ्याकडे अजून डिझेलच धावतंय. नव्या पुलाचा खर्च साडेतीन हजारांत बसला, वाया गेलेल्या एमडीएफपेक्षा कमी. रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर आहे, आपल्या ब्रॉडगेजला ते 19 च्या वर हवं, असं एका पाहुण्याने ऐकवलं. बरोबर आहे. त्याला गुडघ्यावर बसवून पूल बाजूने दाखवला, मग तो गप्प बसला.

आता हवा कोरडी व्हायला लागली आहे. काल गोटी चौथ्या गाळ्यातून हळूच तिसऱ्या खांबाकडे निघाली. प्लाय बसतोय. रविवारी पाना घेऊन अर्धा फेरा उलटा.