टोमॅटोची रोपं घरात करायची की मे महिन्यात आयती आणायची? सेंट्रल जर्सीतला हिशोब

जानेवारी संपत आला की दुकानांत बियांचे स्टँड लागतात, बाहेर बर्फ असतो आणि हात शिवशिवायला लागतात. न्यू जर्सीतल्या एडिसन, प्लेन्सबोरो, ब्रिजवॉटर या पट्ट्यात राहणाऱ्या आणि बॅकयार्डात एखादा वाफा किंवा डेकवर चार कुंड्या असलेल्या लोकांसाठी हे लिहितेय. पर्याय चार आहेत. खिडकीत रोपं करा, लाइटखाली करा, दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनमधे बाहेरच करा, नाहीतर सरळ विकत आणा.

आधी हे समजून घ्या की हा खटाटोप मुळात लागतो कशाला. आपल्या गावाकडे बी वाफ्यात टाकलं की झालं, घरात कोण आणतंय. इथे शेवटचं फ्रॉस्ट, म्हणजे रात्री पडणारं हिम, एप्रिल अखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत पडू शकतं, आणि टोमॅटोचं रोप मरायला एक फ्रॉस्ट पुरतं. म्हणून लोक मदर्स डेच्या (मेचा दुसरा रविवार) पुढेमागे रोपं जमिनीत लावतात. पाकिटावर "८० दिवस" लिहिलेलं असतं ते बी पेरल्यापासून नाही, तर रोप जमिनीत लावल्यापासूनचे दिवस असतात, हे खूप जणांना माहीतच नसतं. म्हणजे मेच्या मध्यात थेट जमिनीत बी टाकलंत तर मोठ्या जातीचा पहिला टोमॅटो हातात यायला सप्टेंबरचा शेवट उजाडेल, आणि ऑक्टोबरमधे परत फ्रॉस्ट.

पेरायचं कधी, तर लावणीच्या ६ ते ८ आठवडे आधी, म्हणजे मार्चचा दुसरा पंधरवडा. सोपं लक्षात ठेवायचं तर साधारण पाडव्याच्या पुढेमागे. संक्रांतीलाच सुरू करणारे उत्साही लोक असतात, त्यांची रोपं एप्रिलमधे दोन फूट होऊन घरात फुलं धरून बसतात आणि जमिनीत गेल्यावर आधी रुसतात, मग वाढतात. लवकर पेरून लवकर टोमॅटो मिळत नाहीत.

खिडकी

सगळे इथूनच सुरू करतात कारण फुकट आहे. माझं स्पष्ट मत, चारांपैकी सगळ्यात कच्चा पर्याय हाच. लोकांना वाटतं थंडीमुळे रोपं बिघडतात, पण घरात ६८ डिग्री फॅरनहाइटला हीटिंग चालू असतं, त्यात टोमॅटो उगवतो, थोडा सावकाश पण उगवतो. कमी पडतो तो उजेड. मार्चच्या मध्यात दिवस १२ तासांचा होतो हे खरं, पण दक्षिणेच्या खिडकीतसुद्धा नीट ऊन चार-पाच तास, त्यातही ढगाळ दिवस आले की तेवढंही नाही, आणि रोप बिचारं काचेकडे मान लांबवत काटकुळं होत जातं. वर रात्री काचेजवळ चांगलंच गार होतं. रोज ट्रे फिरवून मान सरळ होते, पण देठ जाड होत नाही.

तरी खिडकीतच करायचं असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेरा, चेरी टोमॅटोसारखी लवकर येणारी जात घ्या, आणि दोन-चार रोपांच्या वर जाऊ नका. टोमॅटोचा एक मोठा गुण म्हणजे देठ मातीत गाडला की त्यालाही मुळं फुटतात, त्यामुळे लांबुडकं रोप वरच्या पानांपर्यंत खोल लावून वाचवता येतं. वांगी-मिरचीच्या बाबतीत ही सूट धरू नका.

लाइट

बेसमेंट असेल आणि डझनभर तरी रोपं हवी असतील तर हा पर्याय बाकीच्यांना मागे टाकतो. "ग्रो लाइट" म्हणून ती जांभळी-गुलाबी महागडी वस्तू घ्यायची अजिबात गरज नाही, हार्डवेअरच्या दुकानातला चार फुटी पांढरा एलईडी शॉप लाइट, ५००० केल्विनवाला, चालतो. शक्यतो दोन घ्या. साखळीने असे टांगा की रोपांच्या शेंड्यापासून दोन-चार इंचच वर राहतील, आणि रोपं वाढतील तसे वर घ्या. लाइट छताला आणि ट्रे टेबलावर असं असेल तर त्यापेक्षा खिडकी बरी.

टायमर लावून १४ ते १६ तास द्या. २४ तास चालू ठेवू नका, टोमॅटोला सतत उजेड सोसत नाही, पानं पिवळी पडायला लागतात.

विजेची भीती घालणारे असतात म्हणून हिशोब सांगते. ४० वॉटचा एक लाइट १६ तास म्हणजे दिवसाला ०.६४ युनिट, सहा आठवड्यांचे साधारण २७ युनिट, २० सेंटचा दर धरला तर साडेपाच डॉलरच्या आत. दोन लाइटचे ११. खरा खर्च पहिल्या वर्षीच्या सामानाचा आहे, दोन लाइट, टायमर, ट्रे, माती आणि हीट मॅट (ट्रेखाली ठेवायची विजेची गरम चटई) धरून शंभर डॉलरच्या आसपास सहज जातात. हीट मॅट मात्र ऐच्छिक. बेसमेंट ६० डिग्रीवर असेल तर घ्या, कारण बी ७५-८० डिग्रीच्या मातीत आठवड्याच्या आत वर येतं आणि गार मातीत दोन आठवडे लावतं. कोंब दिसले की मॅट बंद, त्यानंतर थोडा गारवा रोपाला चांगलाच.

कुंडीतली किंवा अंगणातली माती वापरू नका, सीड स्टार्टिंग मिक्स, म्हणजे बी पेरण्यासाठी मिळणारं तयार मिश्रण, घ्या. आपल्याकडे शेतकरी ज्याला मर म्हणतात ती इथेही येते, काल छान असलेलं रोप सकाळी जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडलेलं दिसतं, आणि मग उपाय नसतो. पाणी खालून ट्रेमधे द्यायचं, वरची माती थोडी सुकू द्यायची, आणि एक छोटा फॅन लांबून चालू ठेवायचा. फॅनने देठही जाड होतो.

गैरसोय एकच, तुम्ही बांधले जाता. मार्च-एप्रिलमधे भारतात जाणार असाल तर शेजाऱ्याला किल्ली देऊन "पाणी घाल" सांगून भागत नाही, मधे एकदा मोठ्या कपात बदली करावी लागते.

दुधाचे कॅन

याला विंटर सोइंग म्हणतात. दह्या-चहापायी आपल्या घरी गॅलनचे कॅन जमतातच. अर्धपारदर्शक कॅन मधून आडवा कापायचा, हँडलजवळ थोडा जोडलेला ठेवायचा, तळाला भोकं, तीन-चार इंच ओलं मिक्स, बी, मग टेप लावून बंद, झाकण काढलेलं, आणि बाहेर उन्हात ठेवून द्यायचं. टोमॅटोसाठी मार्चअखेर पुरे. बी स्वतःच्या वेळेने, हवा तापली की उगवतं. रोपं बुटकी पण दणकट होतात, खर्च जवळपास शून्य. तोटा म्हणजे लाइटखालच्या रोपांपेक्षा ती दोन-तीन आठवडे मागे असतात, आणि उगवल्यानंतर फ्रॉस्टची रात्र आली तर वर जुनी चादर टाकायला उठावं लागतं. मोठ्या, उशिरा येणाऱ्या जातींना मी हे वापरणार नाही. चेरी किंवा रोमाला बिनधास्त.

विकतची रोपं

चार रोपंच लावायची असतील तर विचारसुद्धा करू नका, विकत घ्या. पाच डॉलरला एक धरलं तरी वीस डॉलरमधे विषय संपला. फक्त मोठ्या दुकानांत रोपं एप्रिलमधेच मांडतात त्या मोहात पडू नका, आणलीत तर मेपर्यंत रोज रात्री आत-बाहेर करत बसाल. निवडताना बुटकं, जाड देठाचं, गडद हिरवं, फूल न आलेलं रोप घ्या. टोमॅटो लागलेलं उंच रोप बघायला छान दिसतं, पण छोट्या कुंडीत मुळं गुंडाळलेली असतात. पानांवर काळपट डाग असेल तर सोडून द्या. २००९ मधे ईशान्येकडच्या राज्यांत लेट ब्लाइट हा करपा रोग पसरला तेव्हा तो मोठ्या दुकानांत विकायला आलेल्या रोपांबरोबरही फिरला होता. म्हणून स्थानिक फार्म किंवा काउंटीच्या मास्टर गार्डनर (बागकामाचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक) लोकांचा रोपांचा सेल मला जास्त भरवशाचा वाटतो.

विकतच्या रोपांत अडचण जातींची. अर्ली गर्ल, बेटर बॉय, सेलिब्रिटी, रोमा, फार तर एखादी चेरी. जर्सीत राहून जर्सी टोमॅटोच खायचा असेल, म्हणजे इथल्या रटगर्स विद्यापीठाने १९३४ मधे काढलेला जुना "रटगर्स", त्याचा २०१६ मधला नवा अवतार "रटगर्स २५०" किंवा १९६८ चा "रामापो", तर रोप प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही, बी मागवून स्वतः करावं लागतं. लाइटचा खर्च खरा वसूल होतो तो इथे. (आईने बॅगेत दिलेलं गावरान बी मात्र विसरा, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय बी आणणं नियमात बसत नाही.)

अजून एक गोष्ट निर्णय फिरवू शकते. खिडकीतली आणि लाइटखालची रोपं एकदम उन्हात ठेवली की पानं पांढरी पडून भाजतात. मेच्या सुरुवातीला आठवडा-दहा दिवस त्यांना पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं जास्त असं बाहेर काढून परत आत आणावं लागतं. त्या आठवड्यात घरी कोणी नसेल, दोघंही ऑफिसला जात असाल, तर कॅन करा किंवा विकत आणा. कॅनमधल्या रोपांना ही सवय आधीच असते आणि नर्सरीतही बाहेरच्या रॅकवरचं रोप मागून घेता येतं.