मोठ्या टायरच्या नावाखाली कापलेले टायर: पिकअपवाल्यांनो, सावध राहा

तुर्भे, कळंबोली भागात पिकअपला टायर बदलायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितोय. आमची बोलेरो पिकअप आहे. धाकटा भाऊ चालवतो, हिशोब मी बघतो. वाशीच्या एपीएमसीतून कांदा-बटाटा भरायचा आणि कळवा-ठाण्याच्या दुकानांत उतरवायचा, यावर घर चालतं. मागचे दोन्ही टायर गोटा झाले होते. पावसाळ्यात शिळफाट्याच्या खड्ड्यांत रिमही आपटून वाकली होती, म्हणून या वेळी एक साइज मोठा टायर बघू असं भावाच्या मनात होतं. दिवाळीनंतर आम्ही तुर्भ्यातल्या एका दुकानात गेलो.

दुकानदाराने मोठ्या टायरचं ऐकलं आणि लगेच सुरू झाला. "शेठ, २१५ विसरा आता, २३५ टाका. गाडी दोन इंच उचलेल, खड्ड्यात रिम लागणार नाही आणि वर दोनशे किलो माल जास्त बसेल." जोडी अकरा हजाराला, नवी कोरी, कंपनीची पाच वर्षांची वॉरंटी. यातलं एकही वाक्य खरं नव्हतं.

आधी उंचीचं बघा. टायरवर २१५/७५ आर १५ असं माप छापलेलं असतं. त्यात २१५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के बाजूची उंची आणि १५ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. त्या हिशोबाने २१५/७५ आर १५ चा टायर साधारण ७०४ मिमी उंच भरतो आणि २३५/७५ आर १५ चा ७३४ मिमी. फरक ३० मिमीचा, त्यातला निम्माच गाडीखाली मिळतो. म्हणजे १५ मिमी. दोन इंच सांगून त्याने अर्ध्या इंचाच्या जरा वर दिलं.

वजनाचं खोटं मात्र जिवावर बेतणारं होतं. आमच्या जुन्या टायरवर एलटी (म्हणजे लाइट ट्रक, हलक्या मालवाहू गाडीचा टायर), ८ पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या मजबुतीचा आकडा) आणि १०६/१०३ असं छापलेलं होतं. १०६ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ९५० किलो. १०३ हा आकडा जोडचाकांसाठी असतो. त्याने घातलेल्या टायरवर १०५ होतं, म्हणजे ९२५ किलो. आकाराने मोठा टायर वजन कमी पेलणारा निघाला, कारण तो जीप-एसयूव्हीचा पॅसेंजर टायर होता. एलटी आणि पीआर ही अक्षरं त्यावर कुठेच नव्हती. माल भरला की भाऊ मागच्या चाकांत नेहमीसारखी ६० पौंड हवा भरायचा, ८ पीआरच्या टायरला ती चालते. या टायरच्या बाजूवर कमाल हवा ४४ छापलेली होती. ते दुकानदाराला ठाऊक होतं, आमची गाडी मालवाहू आहे हेही त्याला समोर दिसत होतं, तरी त्याने अवाक्षर काढलं नाही.

टायर बसवताना आम्हाला आत केबिनमध्ये बसवून चहा दिला. पैसे यूपीआयने घेतले आणि मगच बिलाचा विषय काढला. पक्कं बिल हवं असेल तर २८ टक्के जीएसटी वेगळा द्यावा लागेल म्हणाला. नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झालाय, पण त्याचा आकडा २८ वरच होता. शेवटी हातात आली ती कच्ची पावती, त्यावर फक्त "टायर २ नग". ना कंपनीचं नाव, ना साइज, ना सिरीयल नंबर.

पुढच्या दिवसांत डिझेलचं ॲव्हरेज पडलेलं दिसू लागलं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण गाडीचं मीटर जुन्याच मापाने मोजतं. १०० किलोमीटर गाडी धावली की मीटरवर ९६ च्या आसपास दिसतात आणि काटा ६० वर असताना वेग साडेबासष्ट असतो. हे घरात कुणाला माहीत नव्हतं. वडिलांनी डिझेल कुठे जातं म्हणून भावाला विचारलं आणि दोघांत अबोला झाला. त्या दुकानदाराने आमचं केलेलं हे नुकसान कुठल्याही पावतीवर येणार नाही.

मग एके पहाटे ठाणे-बेलापूर रोडवर, रबाळ्याच्या अलीकडे, भरल्या गाडीचा मागचा डावा टायर फुटला. गाडी डावीकडे ओढली गेली, कांद्याच्या गोणी रस्त्यावर पडल्या. रस्ता मोकळा होता म्हणून भाऊ वाचला. हे वाक्य लिहिताना अजून हात थरथरतो.

रबाळ्यातल्या पंक्चरवाल्या मामांनी टायर रिमवरून उतरवला आणि सगळं उघडं पडलं. आतल्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या, टायर कधी बनला ते सांगणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे होते ३४१७. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: २०१७ सालचा ३४वा आठवडा. बऱ्याच टायरवर ही तारीख एकाच बाजूला असते, आणि नेमकी ती बाजू आत ठेवून त्याने टायर बसवले होते. मामांनी मग नक्षीत बोट घालून दाखवलं. खोबणीच्या तळाशी टायरची झीज कळावी म्हणून १.६ मिमीचे छोटे उंचवटे असतात, बाजूवर टीडब्ल्यूआय किंवा बाण छापून त्यांची जागा दाखवलेली असते. इथे खूण होती, उंचवटा नव्हता. गुळगुळीत टायरवर गरम पात्याने खाचा पाडल्या होत्या, त्यात उंचवटेही कापले गेले होते. एका ठिकाणी तर तारेपर्यंत पातं गेलं होतं. वरून काळं पॉलिश. ज्या टायरवर रिग्रूव्हेबल, म्हणजे पुन्हा खाचा पाडण्याजोगा, असं छापलेलं असतं, त्यांनाच अशा खाचा पाडता येतात; ते जाड रबराचे ट्रक-बसचे टायर असतात. आमच्या टायरवर तसं काही नव्हतं. "दादा, हा टायर भंगारातला आहे," मामा म्हणाले. दुसरा उतरवला, तोही तसाच.

टायर घेऊन दुकानात गेलो तर "हे आमच्याकडचे नाहीतच." यूपीआयची नोंद दाखवली, तर ते खातं दुसऱ्याच माणसाच्या नावावर. पण टायर बसवून झाल्यावर भावाने गाडीचा फोटो काढला होता. त्यात दुकानाची पाटी आणि टायरचं नाव दोन्ही दिसतं, त्यामुळे बाजू टिकून आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. गाडी धंद्याची म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं कुणी सांगेल, आम्हालाही सांगितलं. २०१९ च्या कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो माणूस ग्राहकच धरलाय. गाडी घरचाच माणूस चालवतो, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

आता गाडीला मूळ साइजचे, एलटी ८ पीआरचे टायर आहेत. रिमवर चढवण्याआधी दोन्ही बाजू उजेडात बघितल्या, तारीख आणि आयएसआयची खूण तपासली, बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतला. मोठा टायर घालायचाच असेल तर वजनाचा आकडा आणि हवेची मर्यादा जुन्याच्या बरोबरीची किंवा वरची हवी, आणि स्टेपनीही त्याच मापाची. नाहीतर पंक्चर झाल्यावर एका बाजूला २१५ आणि दुसऱ्या बाजूला २३५ घेऊन भरली गाडी चालवावी लागते आणि सगळा ताण डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर, येतो.

काढलेले जुने टायर दुकानात सोडू नका, तेही असेच कापून कुणाच्या तरी गळ्यात मारले जाऊ शकतात. आमचे दोन गोटा टायर त्याने "पाचशे कमी करतो" म्हणून ठेवून घेतले होते. परत मागितले तेव्हा ते तिथे नव्हते. नव्या दुकानात आम्ही मूळ साइजचे टायर घेतले, तेव्हा ती कापलेली जोडी समोर उभं राहून बाजूवर आडवी चिरून घेतली आणि मगच भंगारात दिली.