वाकता येत नाही म्हणून घेतलेला रोबो : आठ महिन्यांनंतर

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद झालं. वय 76, सांगलीत एकटी. कामाच्या मावशींच्या दांड्या धरूनच चालायचं. म्हणून फेब्रुवारीत झाडू-पोछावाला रोबो घेतला.

झाडतो छान. डोक्यावरचा लेझर फिरवत त्याने पहिल्याच दिवशी घराचा नकाशा काढला (आणि देवघरापुढची रांगोळीही फस्त केली, तेवढा चौकोन मग ॲपमध्ये बंद केला). पलंगाखाली आधी फक्त दिवाळीला झाडू फिरायचा, आता रोज फिरतो. जोडणीला 2.4 गिगाहर्ट्झचंच वाय-फाय लागतं, हे कळेपर्यंत माझी एक दुपार गेली.

स्वयंपाकघरात मात्र जात नाही. दारात काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे. पायरीवरून पडू नये म्हणून याच्या पोटाला इन्फ्रारेड सेन्सर असतात. काळ्या दगडावरून उजेड नीट परत येत नाही, त्यामुळे याला पुढे खड्डाच दिसतो. "सोवळं पाळतो गं," आई म्हणते. पट्टीवर पांढरी टेप लावली तेव्हा गेला, पण टेपची कड सुटून आईचाच पाय अडकायला लागला. काढून टाकली. पोछाही बंद केलाय, ओल्या फरशीची मला धास्ती वाटते.

खरी गोम वेगळीच. केराची पेटी रोज रिकामी करायची, ब्रशमधले केस काढायचे, आणि हे सगळं जमिनीलगत! वाकता येत नाही म्हणून आणलेलं यंत्र स्वतःच्या सेवेसाठी वाकायला लावतं. केर आपोआप वरच्या पिशवीत ओढून घेणारा स्टँड मिळतो. तो तेव्हा महाग वाटला म्हणून सोडला, ती माझी चूक. म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर तिथे काटकसर करू नका. ॲपला आई हात लावत नाही. काठीच्या रबरी बुडाने वरचं बटण दाबते, ही युक्ती तिचीच.

त्याच सुमारास लांब दांड्याचा एक साधा चिमटा आणला होता. पडलेली गोळी, चष्मा, वर्तमानपत्र, सगळं ती त्यानेच उचलते. रोबोच्या मानाने किंमत काहीच नाही, आणि दिवसातून वीसदा हातात असतो.

गेल्या महिन्यात रोबोने तिची कुडी गिळली. पेटीतच होती, पण ती उघडायला मावशी येईपर्यंत आई दोन दिवस एका कानाने बसली.