परीक्षकांनी एकही प्रश्न विचारला नाही

शोधनिबंध छापून देण्याच्या नावाखाली पैसे उकळणारी वैद्यकीय नियतकालिकं असतात, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण त्यांचं जाळं आतून कसं विणलेलं असतं हे फसवणूक झाल्यावरच दिसतं. आमच्या गटाच्या बाबतीत जे घडलं ते मुद्दाम तपशिलात लिहितो आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे नक्की वाचावं, कारण असली पत्रं सगळ्यात जास्त त्यांनाच येतात.

आमचा अभ्यास शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणाऱ्या संसर्गावर होता. परिषदेत पोस्टर लावलं आणि थोड्याच दिवसांत एका नियतकालिकाचं पत्र ईमेलवर आलं. पोस्टरचं शीर्षक जसंच्या तसं, कौतुक भरपूर आणि ‘जलद पण काटेकोर पीअर रिव्ह्यू’ची, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणीची, हमी. संकेतस्थळावर आयएसएसएन क्रमांक, इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला याचा आकडा), नामवंत प्राध्यापकांचं संपादक मंडळ, ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ या प्रकाशन नीती समितीचं बोधचिन्ह, सगळं जागच्या जागी. शुल्काचा आकडा तेवढा कुठेच नव्हता.

आठवडा उलटायच्या आत स्वीकृती आली. सोबत दोन परीक्षकांचे अभिप्राय. पहिला: ‘विषय महत्त्वाचा आहे. इंग्रजी थोडं सुधारावं. छापण्यास हरकत नाही.’ दुसरा: ‘उत्तम काम. संदर्भ वाढवावेत.’ बस्स, एवढंच.

आमच्या दुसऱ्या तक्त्यात सुरुवातीला ८४ रुग्ण होते आणि ३०व्या दिवसाच्या तपासणीला ७१. मधले १३ कुठे गेले? त्यांनाच संसर्ग झाला असेल आणि ते दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाले असतील, तर सगळा निष्कर्ष उलटू शकतो. खरा परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतो. या दोघांनी त्या तक्त्याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. आम्हाला शंका आली ती इथे.

चांगल्या नियतकालिकात निबंध आधी संपादक स्वतः वाचतो आणि बरेचसे तिथूनच परत जातात. उरलेले त्या विषयातल्या, सहसा दोन-तीन, तज्ज्ञांकडे जातात. त्यांना बहुधा मोबदला मिळत नाही, रोजची कामं सांभाळून ते वाचतात, म्हणून आठवडे, कधी महिने जातात. नमुन्याची संख्या कशी ठरवली, तुलनेसाठी नियंत्रण गट का नाही, नैतिकता समितीची मंजुरी कधीची, हीच सांख्यिकी चाचणी का, असे प्रश्न येतात. प्रत्येकाला मुद्देसूद उत्तर द्यावं लागतं आणि पुष्कळदा निबंध पुन्हा त्याच परीक्षकांकडे जातो. चिकित्सात्मक चाचणी (क्लिनिकल ट्रायल) असेल तर नोंदणी क्रमांक मागतात. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५पासून ती अट घातली आहे. हे सगळं जिकिरीचं असतं, पण त्या निबंधावर विसंबून कुणीतरी उद्या रुग्णाला औषध देणार असतं.

आम्ही खुलासा मागितला तेव्हा उत्तराऐवजी बिल आलं. आम्ही निबंध मागे घेतो असं कळवलं, तर तो दुसऱ्याच दिवशी संकेतस्थळावर झळकला आणि ‘माघार शुल्क’ भरल्याशिवाय काढणार नाही असा मेल आला. नंतर एका नावाजलेल्या नियतकालिकाला सगळी हकीकत सांगून विचारलं. त्यांनी सौजन्याने नकार दिला: आधी प्रसिद्ध झालेलं काम पुन्हा छापता येत नाही. रुग्णांनी विश्वासाने दिलेली माहिती अशी अडकून पडली, याचा संताप अजून ओसरलेला नाही.

संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकांना आम्ही थेट लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की आपलं नाव न विचारता टाकलेलं आहे आणि काढा म्हणून आपण सांगून थकलो.

हा प्रकार नवा नाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट निबंध ३०४ नियतकालिकांना पाठवला, १५७ जणांनी तो स्वीकारला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने एका प्रकाशकाला ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली. आरोप ओळखीचेच होते: पीअर रिव्ह्यूचे खोटे दावे, लपवलेलं शुल्क, परवानगीविना वापरलेली नावं.

निबंध पाठवण्याआधी संकेतस्थळाच्या शब्दावर जाऊ नका. आयएसएसएन हा निव्वळ ओळख क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. इम्पॅक्ट फॅक्टर तो जाहीर करणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीत सापडतो का ते पाहा. मिळत्याजुळत्या नावांचे बनावट आकडे विकत मिळतात. ‘पबमेडवर (वैद्यकीय निबंधांच्या शोधसंकेतस्थळावर) दिसतं’ एवढ्यावर थांबू नका, मेडलाइन या त्यातल्या निवडक नियतकालिकांच्या यादीत आहे का ते तपासा. प्रकाशन नीती समितीचे सदस्य तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधा, मुक्त प्रवेशाचं (कुणालाही फुकट वाचता येणारं) नियतकालिक असेल तर अशा नियतकालिकांची डीओएजे ही यादी पाहा. शुल्क घेतात म्हणून कुणी लबाड ठरत नाही. प्रामाणिक प्रकाशक आकडा आधीच उघड सांगतात.

आणि निबंध आधीच पाठवून झाला असेल, तर स्वामित्वहक्काच्या कागदावर सही करू नका, पैसे भरू नका. माघारीचं पत्र सर्व सहलेखकांच्या नावांनिशी लगेच पाठवा, प्रत्येक मेल जपून ठेवा आणि संस्थेच्या ग्रंथपालांना व संशोधन विभागाला त्याच दिवशी कळवा.