ओ-रिंगची म्हणून विकलेली चेन २,६०० किमीत गेली, हिमालयनवाल्यांनो बघून घ्या

माझी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बाईक आहे, २०१९ ची. एका ठिकाणी सर्व्हिसला टाकली तेव्हा ऑइल फिल्टर न बदलता बिलात लावला होता, तेव्हापासून डोक्यात गेलं ते गेलंच, सगळं काम घरी करायला लागलो. म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जुनं कार्पेट टाकून. गाडीला डबल स्टँड आहे त्यामुळे मागचं चाक काढणं वगैरे सोपं जातं, टॉर्क रेंच घेतला, चेन तोडायचं टूल घेतलं, बॅगांचे स्टे स्वतः वेल्डिंगवाल्याकडे बसून करून घेतले. मेकॅनिक आपल्याला फसवू शकत नाही या गोष्टीचा जाम अभिमान. पार्ट विकणारा फसवेल हे डोक्यातच आलं नाही.

तर एका रायडर ग्रुपवर एक भाऊ होता, पार्ट द्यायचा. त्याच्याकडून आधी ब्रेक पॅड घेतले, एकदम ओरिजिनल. मग ऑइल फिल्टर घेतले तीन, तेही ओरिजिनल. आता कळतंय की छोट्या वस्तू खऱ्या देऊन माणूस तयार करायचा असतो. कंपनीची चेन २४,००० किमी चालली होती, पूर्ण चेन-स्प्रॉकेट किट (चेन आणि ती ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) बदलायचा होता, तर हा म्हणाला दादा तुमच्यासाठी ३,६०० ला देतो, ब्रँडेड, ओ-रिंग, बिलासकट. दुकानापेक्षा हजार-बाराशे कमी. फार स्वस्त असतं तर शंका आली असती हो, पण एवढा फरक तर ओळखीत पडतोच ना.

बॉक्स आला, सील वगैरे होतं. एमआरपीचा स्टिकर दुसऱ्या कशावर तरी चिकटवलेला दिसत होता आणि महिना-वर्ष कुठे छापलेलंच नव्हतं, हे मी बघितलं आणि सोडून दिलं. चेन हातात घेतली तेव्हा एकदम मऊ, लुळी, मेलेल्या सापासारखी लोंबत होती. मला वाटलं वा, काय स्मूथ आहे. इथेच शेण खाल्लं. ओ-रिंगच्या चेनमध्ये पिन आणि बुशच्या मध्ये ग्रीस भरून ते रबरी रिंगनी दोन्हीकडून बंद केलेलं असतं, रिंगा दाबलेल्या असतात म्हणून नवी चेन जरा ताठच लागते. लुळी चेन म्हणजे आत काहीच नाही.

रविवारी तीन तास घालवून बसवली, चेन लॉक रिवेट केला, हात काळे, आणि खुशीत त्या भावाला फोटो पाठवला. हा फोटो लक्षात ठेवा, पुढे येतो.

पहिल्या पाचशे किमीत सैल पडली, म्हटलं नवी आहे, बसतीये. ताणली. मग आठशेला परत. मग दर दोन आठवड्यांनी पान्हा घेऊन खाली, वॉचमन काका विचारायला लागले रोज काय करताय. मी गियर ऑइल टाकतोय, डिझेलनी धुतोय, आणि कड्यांमधून लालसर पावडर निघतीये, गंजासारखी. ती पावडर म्हणजे आतली पिन कोरडी घासतीये. बाहेरून कितीही तेल ओता, आत उपयोग शून्य.

दिवेआगरहून येताना बायको मागे, दोन्ही बॅगा भरलेल्या, विळे सोडून ताम्हिणी चढायला लागलो आणि थ्रॉटल दिला की खाली कट्ट. परत कट्ट. चेन दातांवरून उडी मारत होती. चेन ताणायचा अ‍ॅडजस्टर बघितला तर शेवटच्या खुणेला टेकलेला, ताणायला जागाच नाही. चेन तुटून मागचं चाक लॉक झालं असतं तर काय, हा विचार त्या वळणावर नको वाटतो. बायकोला एसटीत बसवलं, ती जाताना एवढंच म्हणाली, तुझ्या त्या भावाला फोन लाव आता. मी पौडपर्यंत जीव मुठीत धरून गोगलगायीसारखा आलो.

दुसऱ्या दिवशी चेन काढून नाना पेठेत एका जुन्या स्पेअर पार्टवाल्या काकांकडे नेली. त्यांनी चष्मा वर केला, एक काळी रिंग नखानी ओढली, ती तुटून हातातच आली. "कुठून आणलीस रे ही?" रिंगा नुसत्या दाखवायला, साध्या चेनवर चढवलेल्या. त्यांनी ओरिजिनल शेजारी ठेवली, तिच्या प्रत्येक कडीवर ठसा, माझ्या अर्ध्या कड्या कोऱ्या. मग मोजली. या मापाच्या चेनची एक कडी १५.८७५ मिमी, म्हणजे वीस कड्या ताणून धरल्या तर ३१७.५ भरायला पाहिजेत. माझ्या ३२४ भरल्या. ओ-रिंग चेन एक टक्का लांबली की बदलायची असते, ही दोन टक्के लांबली होती, २,६०० किमीत.

घरी येऊन बिल उघडलं. जीएसटी नंबर २७ नी सुरू होतो म्हणजे महाराष्ट्र, एवढंच बघून मी तेव्हा समाधानी झालो होतो. आता मोजला तर चौदाच अक्षरं. पंधरा असतात. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून बघायला एक मिनिट लागतं आणि मी ते एक मिनिट दिलं नाही.

त्या भावाला मेसेज केला तर म्हणाला दादा तुम्ही चेन साफ करत नसाल. मला! मग ब्लॉक. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीये, नंबर मिळालाय, यूपीआयची पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट दिलेत, पैसे परत येतील असं मी धरून चाललेलो नाही.

पण खरं टोचतंय ते वेगळंच. मित्राच्या फोनवरून त्या भावाचं स्टेटस बघितलं तर तिथे माझी गाडी, माझं कार्पेट, खाली लिहिलंय खुश कस्टमर. तो फोटो बघून ग्रुपमधल्या दोघांनी तोच किट घेतला. एकाला फोन लागला, त्यानी चेन मागच्या स्प्रॉकेटवरून मागे ओढून बघितली तर अर्धा दात उघडा पडतोय, १,१०० किमीतच. दुसरा स्पितीला निघालाय असं कळलंय आणि फोन लागत नाहीये. काळी हिमालयन, निळ्या बॅगा, पुण्याची पासिंग. कोणाला मनाली साइडला दिसला तर थांबवा आणि आधी चेन बघायला सांगा.